रोंदा: दरीच्या काठावरचं गाव एक मुक्काम करून कसं पाहावं

दक्षिण स्पेनमधलं रोंदा बहुतेक प्रवासी चार तासांत उरकतात. किनाऱ्यावरून किंवा सेव्हिलहून निघालेल्या बसेस अकराच्या सुमारास येतात, माणसं मोठ्या पुलावर उभी राहून खाली डोकावतात, जेवतात आणि चार वाजता परत निघतात. यात एक साधी गोष्ट राहून जाते. पुलावर उभं राहिलं की पूल दिसत नाही. तो पाहायचा तर दरीत उतरावं लागतं, उतरायला दुपार उतरणीला लागलेली असावी लागते, आणि चढून परत यायला अंगात दम व हाताशी वेळ हवा. म्हणून रोंद्यात एक रात्र काढाच. पुढचा सगळा बेत दोन अर्ध्या दिवसांचा आणि मधल्या एका रात्रीचा आहे.

(उच्चाराचं आधीच सांगून ठेवतो. नकाशावर आपण 'रोंडा' वाचतो, पण तिकीट खिडकीवर 'रोंदा' म्हणा, पटकन कळतं.)

गावाची रचना

रोंदा मालागा प्रांतात, समुद्रसपाटीपासून सुमारे ७४० मीटर उंचीवर आहे. ग्वादालेबीन नदीने खडक कापत कापत गावाचे दोन तुकडे केले आहेत. मधल्या उभ्या दरीला तिथले लोक नुसतं 'ताहो' म्हणतात, म्हणजे काप. दक्षिणेकडचा तुकडा 'ला सियुदाद'. हे मुस्लिम राजवटीतलं जुनं शहर, गल्ल्या अरुंद आणि चढउताराच्या. उत्तरेकडचा 'एल मेर्कादियो', म्हणजे छोटा बाजार. स्टेशन, बस स्थानक, दुकानं आणि बैलझुंजीचं मैदान या बाजूला. जुन्या शहराच्या दक्षिण वेशीबाहेर, थोडं खाली, सान फ्रान्सिस्को नावाची शांत वस्ती आहे.

नदी साधारण पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहते आणि तिच्यावर तीन पूल आहेत. वरच्या अंगाला सान मिगेलचा छोटा पूल, मग १६१६ चा जुना पूल आणि शेवटी दरी सर्वांत खोल होते तिथे 'पुएन्ते नुएवो', नवा पूल. नवा म्हणजे १७९३ साली पुरा झालेला. हा क्रम डोक्यात बसला की गावात हरवायला होत नाही: पूर्वेकडे पाणी हाताशी, पश्चिमेकडे खोल खाली.

केव्हा जावं

एप्रिल ते जूनचा मध्य आणि सप्टेंबरचा मध्य ते ऑक्टोबर, हे दिवस उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी पारा ३५ अंशांच्या वर जातो. रात्री गारवा असतो, पण दरीतली चढण दुपारी अंगावर येते. हिवाळ्यात उलटं. उन्हात बरं वाटतं आणि सूर्य गेला की स्वेटरवर जाकीट चढवावं लागतं. शेजारचा ग्रासालेमाचा डोंगर हा स्पेनमधल्या सर्वाधिक पावसाच्या भागांपैकी एक, त्यामुळे नोव्हेंबर ते मार्च पावसाची तयारी ठेवा. ओल्या फरशीवर इथे पाय हमखास घसरतो.

ईस्टरच्या आधीचा आठवडा आणि सप्टेंबरचे पहिले दिवस टाळता आले तर टाळा. सप्टेंबरमध्ये पेद्रो रोमेरो या रोंद्याच्या जुन्या बैलझुंजाऱ्याच्या नावाची जत्रा आणि जुन्या वेषातली बैलझुंज असते. तेव्हा खोल्या मिळत नाहीत आणि मिळाल्या तर भाव चढे असतात.

व्हिसा आणि तिथवरचा प्रवास

भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. अमेरिकेत ग्रीन कार्डवर किंवा आखातात नोकरीनिमित्त राहणाऱ्यांनाही लागतो, फक्त अर्ज राहत्या देशातून करायचा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. आपण तो दीड-दोन महिने आधीच टाकावा, कारण उन्हाळ्याच्या सुट्टीच्या तोंडावर भेटीची तारीखच मिळत नाही. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो, आणि प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा. स्पेनबरोबर दुसरे देशही करणार असाल तर अर्ज जिथे जास्त रात्री राहणार त्या देशाकडे जातो. रात्रींचा हिशोब आधी नीट मांडा.

विमानाने मालागा सोयीचं. मुंबईहून इस्तंबूल किंवा युरोपातल्या एखाद्या मोठ्या विमानतळावरून तिथे जाता येतं. मालागा विमानतळावरून लोकलने दहाएक मिनिटांत मारिया सांब्रानो हे मुख्य स्टेशन येतं आणि बस स्थानक त्याच्या शेजारीच आहे.

तिथून रोंद्याला जायचे तीन मार्ग.

रेल्वे सर्वांत सुंदर, पण गाड्या मोजक्या. मालागाहून सुमारे दोन तास लागतात आणि काही वेळा मध्ये गाडी बदलावी लागते. आल्हेसिरास–बोबादिया हा मार्ग ब्रिटिश भांडवलातून एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बांधला गेला. रोंद्यापासून दक्षिणेकडे तो नदीकाठच्या दऱ्यांतून, बोगद्यांतून उतरत जातो. तिकीट काढताना 'आन्तेकेरा' या नावाशी गफलत होते. आन्तेकेरा-सान्ता आना हे वेगवान गाड्यांचं स्टेशन आन्तेकेरा गावापासून बरंच दूर आहे आणि गावात स्टेशन वेगळं आहे. उतरायचं एकीकडे आणि पुढची गाडी दुसरीकडून, असं होऊ नये म्हणून दोन्ही तिकिटांवरचं स्टेशनाचं नाव अक्षरन् अक्षर जुळवून बघा.

बस जास्त भरवशाची. पण मालागाहून दोन प्रकारच्या बसेस सुटतात: आतल्या रस्त्याने जाणाऱ्या आणि मार्बेयाकडून किनारा धरून जाणाऱ्या. किनाऱ्याची बस तासभर तरी जास्त घेते. शिवाय सान पेद्रोहून वर चढणारा ए-३९७ रस्ता म्हणजे जवळपास पन्नास किलोमीटर वळणंच वळणं. ज्यांना गाडी लागते त्यांनी आतल्या रस्त्याची बस घ्यावी, किंवा निघायच्या अर्धा तास आधी गोळी घ्यावी आणि पुढच्या बाकावर बसावं. सेव्हिलहूनही थेट बस आहे, दोन ते अडीच तासांची.

स्वतः गाडी चालवणार असाल तर भारतीय परवान्याबरोबर आंतरराष्ट्रीय परवाना इथूनच काढून न्या. मालागाहून अंतर शंभर किलोमीटर. गाडी जुन्या शहरात अजिबात नेऊ नका. नकाशा रस्ता दाखवतो, पण गल्ली पुढे इतकी चिंचोळी होते की आरसे मिटून मागे यावं लागतं. गाडी मेर्कादियोतल्या एखाद्या तळघरातल्या वाहनतळावर ठेवा आणि चाला. सगळं गाव पायीच आहे.

मुक्काम कुठे करावा

स्टेशनपासून नव्या पुलापर्यंत पंधरा-वीस मिनिटं चालावं लागतं आणि रस्ता बहुतांश सपाट आहे. सामान जड असेल, गुडघे कुरकुरत असतील, तर मेर्कादियोतच कारेरा एस्पिनेल या पायी बाजारपेठेच्या आसपास खोली घ्या. जुन्या शहरात रात्री विलक्षण शांतता असते, पण गोट्यांच्या फरशीवरून चाकांची बॅग ओढणं हा छळ आहे. तिथे राहायचं तर पाठीवरची सॅक घेऊन जा. खोली ठरवताना लिफ्ट आहे का, हेही विचारा. जुन्या वाड्यांत बहुधा नसते.

पहिला दिवस: दुपारनंतर दरीत

दुपारी पोचा, जेवा आणि दोन ते पाच गावासारखीच विश्रांती घ्या. या वेळात दुकानं बंद असतात. सूर्यास्ताच्या दोन ते अडीच तास आधी बाहेर पडा. जूनच्या शेवटी सूर्य पावणेदहाच्या सुमारास मावळतो, डिसेंबरमध्ये सव्वासहाच्या आत. म्हणजे उन्हाळ्यात सातनंतर आणि हिवाळ्यात साडेतीन-चारला निघायचं.

नवा पूल ओलांडून जुन्या शहरात या आणि उजवीकडच्या गल्ल्या धरून मारिया आउक्सिलियादोरा चौकात पोचा. चौकाच्या कठड्याजवळून खाली उतरणारी वाट सुरू होते. आधी दगडी फरसबंद, पुढे पायऱ्या आणि मग मातीची. पंधरा-वीस मिनिटांत 'ओया देल ताहो'च्या बाजूची मोकळी जागा येते. तिथे वळून वर बघा. दोन कड्यांच्या मध्ये ९८ मीटर उंचीचा पूल उभा असतो आणि दगड त्याच कड्यांचा, त्यामुळे खडक कुठे संपला आणि बांधकाम कुठे सुरू झालं ते क्षणभर कळत नाही. तळाशी छोटी कमान, तिच्यावर उंच सडपातळ मधली कमान, दोन बाजूंना दोन. दरीचं तोंड पश्चिमेला असल्यामुळे या बाजूवर ऊन दुपारनंतरच पडतं. सकाळी येणाऱ्यांना पूल सावलीत, काळपट दिसतो. फोटो नीट येत नाही म्हणून फोनला दोष देतात, खरं कारण एवढंच असतं.

मधल्या कमानीच्या वर एक छोटी खिडकी दिसेल. आत खोली आहे. एकेकाळी तिचा तुरुंग म्हणून वापर झाला. आता तिथे पुलाच्या बांधकामाची माहिती मांडली आहे आणि तिकीट काढून जाता येतं. वाट वरच्या अंगाला, स्पेन चौकाच्या बाजूने आहे. ती दुसऱ्या दिवसासाठी ठेवा.

या पुलाआधी इथे एक पूल होता, १७३५ सालचा, एकाच मोठ्या कमानीचा, घाईत उभारलेला. सहाच वर्षांत, १७४१ मध्ये तो कोसळला आणि पन्नासएक माणसं गेली. त्यानंतर १७५१ मध्ये सुरू केलेलं काम पुरं व्हायला ४२ वर्षं लागली. वास्तुकार होसे मार्तिन दे आल्देउएला पुलावरून पडून मेला, अशी गोष्ट वाटाडे रंगवून सांगतात. ती खरी नाही. तो १८०२ मध्ये मालागात वारला.

अलीकडे दरीत कड्याच्या अंगाने पुलाच्या पायथ्याकडे जाणारी तिकिटाची बांधीव वाटही झाली आहे. पाऊस किंवा दगड पडण्याचा धोका असला की ती बंद ठेवतात. खाली उतरण्याआधी वर चौकशी करा, म्हणजे हेलपाटा वाचेल.

चढायला उतरण्याच्या दीडपट वेळ धरा. माणशी अर्धा लिटर पाणी हवंच, उन्हाळ्यात एक लिटर. बूट खाचदार तळव्याचे. वाटेवर दिवे नाहीत, तेव्हा अंधार पडायच्या आत वर या आणि संधिप्रकाश मेर्कादियोच्या बाजूच्या 'आलामेदा देल ताहो' बागेत घालवा. बागेच्या टोकाला कड्यावर बाहेर आलेले सज्जे आहेत. उंचीची भीती असेल तर कठड्यापासून दोन पावलं मागे राहूनही समोरचे डोंगर पूर्ण दिसतात.

दुसरा दिवस: खालून वर

बहुतेक जण नव्या पुलावरून सुरुवात करून उतरत जातात आणि उन्हं तापल्यावर चढत परत येतात. तुम्ही उलटं करा. नाश्ता उरकून थेट अरबी स्नानगृहाकडे जा (बान्योस आराबेस). ते सर्वांत खाली, सान मिगेलच्या पुलाजवळ आहे. बहुतेक ठिकाणं दहाच्या सुमारास उघडतात. शनिवार-रविवारी आणि हिवाळ्यात काही लवकर बंद होतात, म्हणून इथला फलक आदल्या संध्याकाळी बघून ठेवा.

तेराव्या शतकातलं हे स्नानगृह स्पेनमधल्या सर्वांत चांगल्या टिकलेल्यांपैकी एक आहे. आत गार, कोमट आणि गरम अशी तीन दालनं. छताला चांदणीच्या आकाराची भोकं, त्यांतून उजेड येतो आणि वाफही निघून जायची. बाहेर एक बुरूज आहे. जनावर फिरवून चालवलेल्या रहाटाने पाणी त्या उंचीवर चढवत आणि उंच पन्हळीतून ते भट्टीकडे नेत. आतली चित्रफीत चुकवू नका. रहाट, पन्हळ आणि जमिनीखालून खेळणारी गरम हवा यांची सांगड तिच्यामुळे लागते.

तिथून जुन्या पुलाकडे, फेलिपे पाचव्याच्या कमानीखालून चढा. चढ तीव्र आहे आणि दगड शेकडो वर्षांच्या पावलांनी गुळगुळीत झालेले. भिंतीच्या कडेने चाला. मग येतं 'कासा देल रेय मोरो', मूर राजाचं घर. नाव फसवं आहे. घर अठराव्या शतकातलं, इथे कोणी मूर राजा राहिला नाही. बाग १९१२ साली फ्रेंच उद्यानरचनाकार जाँ-क्लोद फोरेस्तिए यांनी आखली. पैसे द्यायचे ते खालच्या 'मीना'साठी, म्हणजे कड्याच्या आतून पाण्यापर्यंत उतरणाऱ्या जिन्यासाठी.

गडावर गेलो की आपण आधी पाण्याचं टाकं शोधतो. वेढा पडला तर गड दाण्यापेक्षा पाण्यावाचून आधी पडतो. रोंद्याचं दुखणं तेच होतं, पाणी शंभर मीटर खाली. म्हणून चौदाव्या शतकात कड्याच्या आतून नदीपर्यंत जिना खोदला आणि बांधला. ख्रिस्ती कैदी त्यावरून चामड्याच्या पखाली भरून वर आणत. 'रोंद्यात पखाली वाहता वाहता मरशील' हा त्या काळचा शाप स्पॅनिश भाषेत राहून गेला. १४८५ मध्ये ख्रिस्ती राजा फेर्दिनांदच्या सैन्याने वेढा घालून पाणी तोडलं आणि काही दिवसांत शहर शरण आलं.

आज तुम्ही दोनशेच्या आसपास पायऱ्या उतरता. पायऱ्या उंच आणि असमान, काही ओल्या, उजेड अंधुक, आणि वाट एकच असल्याने चढणारे-उतरणारे समोरासमोर येतात. गुडघेदुखी, दमा किंवा बंद जागेची भीती असलेल्यांनी वरची बाग पाहून थांबावं. लहान मुलाला कडेवर घेऊन उतरू नका, हात मोकळे हवेत. उतरताना एका दालनात थांबा. घुमटाच्या आकारामुळे एका कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून कुजबुजलेलं समोरच्या कोपऱ्यात ऐकू येतं, मधल्या माणसाला नाही. तळाला दार उघडतं ते थेट हिरव्यानिळ्या पाण्यावर. वर कड्यांमधून आभाळाची एक पट्टी दिसते. आदल्या संध्याकाळी बाहेरून पाहिलेली दरी इथे आतून दिसते.

मग वर चढून जुन्या शहराच्या माथ्यावर या. मोन्द्रागोनच्या वाड्यात आता नगरसंग्रहालय आहे. सज्जे आणि छोटे चौक अर्ध्या तासात होतात. सान्ता मारिया ला मायोर चर्च मशिदीच्या जागी उभं आहे. प्रवेशापाशी मिहराबाचा, म्हणजे मशिदीतल्या मक्केची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्याचा अवशेष शोधून बघा आणि गच्चीवर जाऊन या. वेळ असेल तर दक्षिणेला आल्मोकाबारच्या वेशीपर्यंत उतरा. सान फ्रान्सिस्कोच्या चौकात गावकऱ्यांच्या खानावळी आहेत आणि पुलाजवळच्यांपेक्षा स्वस्त.

शेवटी नवा पूल ओलांडून बैलझुंजीचं मैदान. १७८५ साली खुलं झालं, रिंगण ६६ मीटर व्यासाचं, भोवती दोन मजली दगडी खांबांची रांग. झुंज नकोशी वाटणाऱ्यांनीही ही वास्तू पाहायला हरकत नाही. सप्टेंबरमधले थोडे दिवस सोडले तर इथे झुंज होत नाही, एरवी संग्रहालय असतं.

तिकिटांसाठी माणशी तीस युरो बाजूला ठेवा. स्नानगृह, मोन्द्रागोन आणि पुलाची खोली यांचं एकत्रित तिकीट मिळतं, 'बोनो तुरिस्तिको' म्हणून मागा. मूर राजाचं घर आणि मैदान त्यात येत नाहीत.

जेवण, विशेषतः शाकाहारी लोकांसाठी

दुपारचं जेवण दीड ते चार, रात्रीचं साडेआठनंतर. सात वाजता भूक लागली तर स्वयंपाकघर बंद असतं, म्हणून फळं-बिस्किटं जवळ असू द्या. नळाचं पाणी पिण्यायोग्य आहे.

'शाकाहारी' हा शब्द पुरेसा नाही. भाज्यांच्या सॅलडमध्ये टूना येतो, सालमोरेखो या टोमॅटोच्या दाट गार सुपावर हामोन, म्हणजे डुकराच्या मांसाचे तुकडे, भुरभुरलेले असतात. नावं घेऊन सांगा: 'सिन कार्ने, सिन हामोन, सिन पेस्कादो, सिन आतून' म्हणजे मांस, हामोन, मासे, टूना नको. अंडं नको असेल तर 'सिन वेवो'. रस्सा किंवा भात असेल तर 'काल्दो दे कार्ने?' असं विचारा, मांसाच्या पाण्यात शिजवलाय का ते कळतं.

एका शब्दावर विशेष लक्ष द्या. 'मान्तेकिया' म्हणजे लोणी आणि 'मान्तेका' म्हणजे डुकराची चरबी. नाश्त्याला पावावर लावायला दोन्ही मिळतात, 'मान्तेकादो' नावाच्या बिस्किटांतही चरबी असते. पावावर तेल-टोमॅटो मागा: 'तोस्तादा कोन तोमाते'.

खायला चांगलं: आहोब्लांको (बदाम, लसूण, पाव आणि ऑलिव्ह तेलाचं गार सूप, वर द्राक्षं), वांग्याच्या तळलेल्या कापांवर उसाची काकवी, पालक-छोले, आणि ग्रासालेमाकडचं पायोयो चीज. 'राबो दे तोरो' हा इथला नावाजलेला पदार्थ बैलाच्या शेपटीचा असतो, चालत नसेल तर नाव लक्षात ठेवा. गोडात येमास, अंड्याच्या बलकाची.

आणखी एक दिवस असेल तर

सेतेनिल दे लास बोदेगास वीसएक किलोमीटरवर आहे. तिथे कड्याच्या कपारीखाली घरं बांधली आहेत आणि घराचं छप्पर म्हणजे प्रत्यक्ष खडक. बसेस कमी, त्यामुळे जाण्याआधी परतीची वेळ पक्की करा, नाहीतर टॅक्सी. आमचा कौल मात्र बेनाओहानजवळच्या पिलेता गुहेला. १९०५ मध्ये एका शेतकऱ्याला सापडलेल्या या गुहेत अश्मयुगीन चित्रं आहेत. छोट्या गटानेच आत सोडतात, फोटोला बंदी आहे, आत जमीन ओली आणि हवा गार असते. जागा आधी राखून ठेवा. रोंद्याहून गाडीने बेनाओहान-मोन्तेहाके हे पुढचंच स्टेशन, पण तिथून गुहा बरीच चढावर, चार-पाच किलोमीटर. टॅक्सी रोंद्यातच ठरवा आणि तिला थांबायला सांगा, कारण गुहेच्या दारात दुसरी मिळत नाही.